नववीतल्या मुलाचं पुस्तक कुणी निवडायचं?

या वेळचं पत्र बरंच लांबून आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंचं माहेर निपाणीकडचं आणि सासर मध्य प्रदेशातलं मोहगाव. सौंसर तालुक्यातलं, अर्धनारीश्वराच्या देवळाचं, संत्र्याच्या बागांच्या मुलखातलं. माहेरहून कुणी गेलं की आपल्या साप्ताहिकाचे जुने अंक गठ्ठ्यानं त्यांच्याकडे जातात आणि त्या ते पुरवून पुरवून वाचतात.

त्यांचा मुलगा नववीत आहे. घरात मराठी, शाळा हिंदी. दिवाळीच्या सुट्टीत शाळेनं सांगितलं की अभ्यासाबाहेरचं कुठलंही एक पुस्तक आपल्या आवडीनं वाचा आणि त्यावर पानभर लिहून आणा. मुलानं घरी विचारलं, कोणतं वाचू? झालं! आजोबा म्हणाले, ‘श्यामची आई’ वाच. वडील म्हणाले, पुढे स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल असं काहीतरी घे. काकांनी थोर पुरुषांची चार चरित्रं सुचवली. ताईंच्या मनात एकच, काहीही वाच पण मराठी वाच. तीन दिवस घरात चर्चा चालली. चौथ्या दिवशी मुलानं मोबाइलवरून कुठल्याशा पुस्तकाचा सारांश उतरवून काढला आणि वही मिटली. ताई विचारतात, आता उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा हेच व्हायचं, तर याला नेमकं कोणतं पुस्तक देऊ?

पत्र मोहगावचं असलं तरी प्रश्न आपल्याच ओसरीवरचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी नागपूर आणि विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. (२०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात आला.) म्हणजे आपल्याकडची मुलं घरी मराठी बोलून शाळेत कन्नड किंवा इंग्रजी शिकतात, तिकडची घरी मराठी बोलून शाळेत हिंदी शिकतात. कित्येक घरांत उलटंही आहे. आई कन्नड, शाळा मराठी. काही घरांत तर आईची एक भाषा, वडिलांची दुसरी आणि शाळेची तिसरी!

अशा घरातलं मूल पुस्तक निवडायला बसतं तेव्हा मोठी माणसं एक गोष्ट हमखास विसरतात. या मुलाचं वाचनाचं वय एक नसतं, दोन असतात. मोहगावचा मुलगा हिंदीत चौदा वर्षांचा वाचक आहे, पण मराठीत कदाचित दहाच वर्षांचा. बोलायला वाघ, पण छापील मराठीची सवय नाही. बेळगावातली कन्नड माध्यमातली मुलगी कन्नड पुस्तक झरझर वाचेल आणि मराठीच्या प्रत्येक ओळीला ठेचाळेल. आपण तिचं इयत्तेचं वय बघतो आणि त्या वयाचं मराठी पुस्तक हातात देतो. ती दहा पानांत दमते. मग आपण निकाल देतो की हिला वाचनाची आवडच नाही. आवड असते हो. नसतो तो सराव.

आणि हे वय फार निसटतं आहे. प्राथमिक शाळेत गोष्टीची पुस्तकं आपण वाचून दाखवतो. दहावीनंतर विज्ञान, वाणिज्य, क्लास, प्रवेश परीक्षा. मधली दोन-तीन वर्षंच काय ती हातात राहतात. शाळा जी भाषा शिकवत नाही त्या भाषेतलं एकही पुस्तक या वर्षांत मुलानं आपखुशीनं पुरं केलं नाही, तर पुढे ते करण्याचं कारण त्याला क्वचितच मिळतं. मग ती भाषा जेवायला बोलावण्यापुरती आणि आजीची विचारपूस करण्यापुरती उरते. मोहगावच्या ताईंची खरी धास्ती हीच आहे, आणि ती खोटी नाही.

म्हणून पुस्तकाचं नाव सांगण्याआधी पुस्तक पारखायचं कसं ते बघू. इंग्रजी शाळांतून पाच बोटांची एक रीत सांगतात. पुस्तक मधेच उघडायचं, एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. मूठ मिटली तर पुस्तक जड. रीत चांगली आहे, पण दोन भाषांच्या घरात ती जशीच्या तशी चालत नाही. आपल्या मुलांना शब्द दोन तऱ्हांनी अडतात. काही शब्द खरोखरच ठाऊक नसतात. आणि काही डोळ्याला अनोळखी पण कानाला ओळखीचे असतात. ‘ओसरी’, ‘हुरडा’, ‘किरकिर’, ‘तोंडघशी’ असे शब्द मुलगा रोज ऐकतो, फक्त छापलेले कधी पाहिलेले नसतात. तेव्हा ते पान मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा. स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर जो शब्द ओळखीचा निघाला त्याला बोट मिटायचं नाही. ऐकूनही जो परका राहिला तोच मोजायचा. घरी करून बघा. मनात वाचताना पाचही बोटं मिटवणारं पान मोठ्यानं वाचल्यावर दोन बोटांवर येतं, असं कितीदा तरी होतं. असं पुस्तक खुशाल द्यावं. पहिली वीस-पंचवीस पानं घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायची, पुढे डोळा सरावतो.

कानाची ही ताकद आपल्या भागाला नवी नाही. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी बेळगावच्या माहेरवाशीण. ‘वंशवृक्ष’च्या मराठी अनुवादाला त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. हे काम व्हायचं कसं? त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवायच्या. लिपीशी गाठ नव्हती, पण कान तयार होता. ‘पर्व’सारखा ग्रंथ जर कानावाटे मराठीत येऊ शकतो, तर आपल्या घरातल्या पोराचं दीडशे पानांचं पुस्तक का नाही जमायचं?

मोहगावच्या मुलाला आपल्या मुलांपेक्षा एक सोय आहे. हिंदी आणि मराठीची लिपी एकच. कन्नड शाळेतल्या मुलीला आधी बाळबोध अक्षरं पक्की करावी लागतात, याला ती आयती मिळाली. पण सोयीबरोबर फसगतही येते. शाळेच्या हिंदीत ‘ळ’ भेटत नाही, त्यामुळे डोळा ‘ळ’ पाशी अडखळतो. (कन्नडमध्ये ‘ळ’ भरपूर, तिथे आपली मुलं पुढे!) शब्दही फसवतात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. तिकडच्या बोर्डाचं नाव माध्यमिक शिक्षा मंडल. मराठी माणसानं ते वाचलं की पोटात गोळाच यावा. कन्नडमध्ये मात्र ‘शिक्षे’ म्हणजे आपल्यासारखीच सजा. ताईंच्या मुलाला शाळेनं ‘दीपावली अवकाश’ दिला, म्हणजे सुट्टी. मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा किंवा वेळ, आणि कन्नडमध्ये ‘अवकाश’ म्हणजे संधी. हिंदीतला ‘उपन्यास’ वाचायचा असतो, कन्नडमधला ‘उपन्यास’ ऐकायचा असतो, कारण तिथे त्याचा अर्थ व्याख्यान. आणि मराठी-कन्नड दोघांनीही बाणभट्टाच्या नायिकेचं नाव घेऊन त्याला ‘कादंबरी’ म्हटलं. अशा शब्दांची मुलाबरोबर गंमत करा. चुकलं तर हसा, पण त्याला हसू नका. चौदा वर्षांच्या मुलाला हसलेलं फार लागतं आणि तो ते पुस्तकाच्या खात्यावर मांडतो.

आता नावांकडे येऊ. ‘श्यामची आई’ १९३५ चं पुस्तक. थोर आहे, यात वाद नाही. पण आजोबांनी सांगितलं म्हणून नववीतला मुलगा ते उघडतो तेव्हा त्याला वाटतं की आपल्याला सुधारायला बसवलंय. संस्कारासाठी दिलेलं पुस्तक मुलाला दुरूनही ओळखू येतं. ते घरात समोर ठेवावं, हातात कोंबू नये. चरित्रांचंही तेच. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ पासून मराठी मुलं वाचत आली आहेत ती थोर पुरुषासाठी कमी आणि त्यातल्या गोष्टीसाठी जास्त. एक अनाथ, काटकुळा मुलगा शाळेसाठी वणवण फिरतो आणि पुढे भुईमुगातून काय काय काढतो! शेतकऱ्याच्या घरातला मुलगा हे पुस्तक सोडत नाही असा माझा अनुभव आहे. कलामांच्या आत्मकथनाचं मराठी ‘अग्निपंख’ आपल्या बेळगावच्या माधुरी शानभाग यांनी केलेलं आहे. यंत्र-विमानाचं वेड असलेल्या मुलाला ते द्या. तसलं वेड नसेल तर त्यातली अग्निबाणांची पानं त्याला कोरडी वाटतील. म्हणून पुस्तकाच्या मोठेपणापेक्षा मुलाचं वेड आधी विचारावं.

ताईंचा मुलगा रानात, शेतात रमणारा असेल तर मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ बघा. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, पण वनखात्यातली त्यांची वर्षं विदर्भाच्या जंगलांत गेली. नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट हा सगळा भाग मोहगावहून काही परका नाही. झाडांची आणि पाखरांची तिकडच्या बोलीतली नावं त्यांच्या पुस्तकांत भेटतात. मुलाला वडिलांच्या तोंडची नावं छापलेली दिसली की पुस्तक एकदम घरचं वाटायला लागतं. आपल्याकडच्या कन्नड वाचणाऱ्या मुलांना याच जातीचा आनंद पूर्णचंद्र तेजस्वींच्या ‘परिसरद कथे’त आणि १९८० च्या ‘कर्वालो’त मिळेल. मलेनाडूच्या डोंगरात एका उडत्या सरड्यामागे निघालेली मंडळी! मोठ्यांनीही वाचावं असं आहे.

विज्ञानाची ओढ असली तर जयंत नारळीकर. ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आहे, म्हणजे एक गोष्ट वाचून थांबता येतं. सराव कमी असलेल्या वाचकाला कथासंग्रह कादंबरीहून सोपा जातो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. शिवाय नारळीकर लहानाचे मोठे बनारसला झाले. घर मराठी आणि भोवताल सगळा हिंदी. त्यांच्या विज्ञानकथा मात्र मराठीत आल्या. मोहगावच्या मुलाला हे सांगून ठेवा, उपदेशासारखं नाही, सहज.

बोलीचा मुद्दाही राहतो. सीमाभागातल्या मुलाचं मराठी पुस्तकातल्या मराठीसारखं नसतं. मोहगावकडचं नागपुरी-वऱ्हाडी वळणाचं, आपलं बेळगावी हेल काढणारं, मधूनच कन्नड शब्द घेणारं. पुण्याच्या वाड्यातली गोष्ट वाचताना मुलाला वाटतं, हे आपलं नाही. त्याला एकदा तरी बोली छापलेली दाखवावी. आनंद यादवांचं ‘झोंबी’ कागलचं, म्हणजे निपाणीहून हाकेच्या अंतरावरचं. शाळेसाठी बापाशी आणि गरिबीशी झुंजणारा पोरगा त्यात आहे. जाडजूड आहे आणि काही प्रसंग अंगावर येणारे आहेत, म्हणून दहावीच्या पुढेमागे द्यावं आणि आधी आपण वाचावं. त्याआधी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ ची ही कादंबरी जेमतेम दीडशे पानांच्या आतबाहेर आहे, वाक्यं छोटी, आणि मेंढपाळांच्या वस्तीवर गेलेला मास्तर स्वतःच पोरसवदा. नुसत्या पानांच्या संख्येनंही मुलांना धीर येतो.

आणि ‘फास्टर फेणे’? नववीच्या मुलाला बालिश वाटेल अशी आईवडिलांनाच भीती असते. मराठीत जो दहा वर्षांचा वाचक आहे त्याला भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे अगदी नेमका बसतो. पातळ पुस्तक, पळती गोष्ट. त्याला शाळेत वहीत लिहायला ‘वजनदार’ पुस्तक हवं असेल तर ते तो शाळेच्या भाषेतलं निवडेल. घरी फेणे वाचू द्या. शेजारणीच्या मुलीनं याच वयात अमुक वाचलं हे त्याच्या कानावर घालू नका म्हणजे झालं.

एक युक्ती दोन भाषांच्या घरांसाठी खास आहे. एकच पुस्तक दोन्ही भाषांत मिळवायचं. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ हिंदीत आहे, मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा आणि एक उपद्व्यापी मुलगी. प्रकरणं दोन-तीन पानांची. एक प्रकरण शाळेच्या भाषेत, पुढचं घरच्या भाषेत असं वाचत जायचं. गोष्ट तुटत नाही आणि घरची भाषा ओढीनं वाचली जाते. सुधा मूर्तींची ‘डॉलर सोसे’ मूळ कन्नड आणि उमा कुलकर्णींचं मराठी ‘डॉलर बहू’ ही जोडीही आपल्याकडच्या मुलींना आवडते. इथे सासूबाई कन्नड प्रत घेतात, नात मराठी, आणि जेवताना भांडण होतं की कोणती सून बरोबर. असं भांडण घरात रोज झालं तरी चालेल!

काही पालक याच्या उलट घाबरतात. मुलगा शाळेच्याच भाषेत रमला तर घरची सुटेल असं त्यांना वाटतं. म्हणून मराठी सोडून दुसरं पुस्तक दिसलं की कपाळाला आठी. मला हे पटत नाही. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी आणि ते कन्नडचे वरकवी झाले, १९७३ चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला, आणि मराठीतही त्यांनी लिहिलं. त्याच धारवाडात राहून जी. ए. कुलकर्णींनी मराठी कथा लिहिली. मुक्तिबोधांच्या घरात तर दोन सख्खे भाऊ. थोरले गजानन माधव हिंदीतले मोठे कवी आणि धाकटे शरच्चंद्र मराठीतले कवी-कादंबरीकार. एका भाषेतला वाचक दुसऱ्या भाषेत सहज जातो. कुठल्याच भाषेत न वाचणारा मात्र कुठेच जात नाही. मोहगावच्या मुलानं प्रेमचंद वाचायला घेतला तर ताईंनी आनंदच मानावा आणि रात्री विचारावं, काय झालं रे पुढे? तो सांगेल मराठीत.

पुस्तक मिळण्याचाही प्रश्न आहेच. बेळगावला आपल्याकडे १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्यामुळे कपाटासमोर उभं राहून चार पुस्तकं चाळायचं सुख आपल्या मुलांना मिळतं. मोहगावला ते तसं हाताशी नसेल तर नागपूरची फेरी कुणाची ना कुणाची होतेच. त्या फेरीत मुलाला बरोबर न्यावं. दुकानात त्याला एकटं सोडावं, अर्धा तास तरी. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयांचे पाच नियम सांगितले, त्यातला एक असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. ‘त्याचं’ हा शब्द महत्त्वाचा. आपण आणून दिलेलं पुस्तक त्याचं व्हायला वेळ लागतो, त्यानं उचललेलं तिथेच त्याचं झालेलं असतं. अगदीच नेणं जमणार नसेल तर चार-पाच पुस्तकं मागवून घरात मांडावीत आणि त्यातलं एक त्याला निवडू द्यावं. एकच मागवून ‘हे वाच’ म्हणण्यापेक्षा हे केव्हाही बरं. भयकथा निवडली, क्रिकेटवरचं निवडलं तरी चेहरा वाकडा करू नये.

निवडलेलं आवडलं नाही तर? सोडू द्यावं. मी घरात तीस पानांचा नियम ठेवते. तीस पानं इमानदारीनं वाचायची, नाही जमलं तर दुसरं घ्यायचं, कारण विचारायचं नाही. ‘पैसे देऊन आणलंय’ असं म्हणालात तर पुढच्या वेळी तो निवडणारच नाही, तुम्हालाच विचारेल. सोडलेलं पुस्तक कपाटात राहतं. वर्षभरानं तेच मूल ते काढून वाचताना दिसलं तर आश्चर्य दाखवू नका.

शाळेच्या त्या पानभर लिखाणाचं काय करायचं तेही सांगते, कारण मोबाइलवरचा सारांश तिथूनच सुरू होतो. आता तर यंत्राला सांगितलं की ते परीक्षणही लिहून देतं. मुलाला सारांश लिहायलाच लावू नका. शाळेची हरकत नसेल तर त्यानं एवढंच लिहावं की कुठल्या पानावर मी थांबलो आणि का, कोणता माणूस मला पटला नाही, आणि पुस्तकातला कोणता शब्द आमच्या घरात वेगळ्या अर्थानं बोलतात. याची उत्तरं उतरवून मिळत नाहीत, ती ज्यानं वाचलंय त्यालाच देता येतात. मोहगावच्या मुलानं हिंदीत लिहावं, मधे मराठी शब्द तसेच ठेवावेत. शिक्षकांना बहुधा आवडेलच.

तर ताई, उन्हाळ्यासाठी ‘बनगरवाडी’, ‘फास्टर फेणे’चं कुठलंही एक, ‘यक्षांची देणगी’, ‘रानवाटा’ आणि ‘तोत्तोचान’ हिंदी-मराठी दोन्ही अशी पुस्तकं मागवा. ओट्यावर ठेवा, शिफारस करू नका. आजोबांना म्हणावं, ‘श्यामची आई’ तुम्ही स्वतः दुपारी मोठ्यानं वाचा, पोरगं कुठल्या तरी दाराआडून ऐकेल. त्यानं कोणतं उचललं ते मात्र मला कळवा. पुढच्या खेपेला मुलींच्या डायऱ्यांविषयी लिहायचं आहे. एका आईनं मुलीची डायरी वाचावी का असं विचारलंय, तर आपली मतं आठवडाभरात पाठवावीत.